टिपून घे

निळी रेघ जेमतेम दोन मायक्रॉन रुंद होती. माणसाचा केस सत्तर-ऐंशी मायक्रॉन जाड धरला, तर अशा चाळीसेक रेघा शेजारी शेजारी ठेवल्यावर एक केस भरेल. पेशींच्या आतल्या टोकांवरून, जिथून स्राव मधल्या पोकळीत उतरतो, ती रेघ बशीच्या काठावरच्या नक्षीसारखी गोल फिरून आली होती. त्या गोलात चौदा पेशी होत्या. चौदाही निळ्या.

बाईंनी मायक्रोस्कोपवरून डोळा उचलला आणि स्लाइड पेटीत परत ठेवली. एवढी देखणी स्लाइड अख्ख्या विभागात दुसरी नव्हती, आणि एवढी खोटीही दुसरी नव्हती. पहिली गोष्ट सगळ्या विभागाला ठाऊक होती. दुसरी फक्त बाईंना आणि त्यांच्या नवऱ्याला.

विभाग म्हणजे पशुवैद्यक कॉलेजच्या मागच्या अंगाच्या तीन खोल्या. पहिलीत सर बसत. दुसरीत मायक्रोस्कोप होते आणि विद्यार्थी बसत. तिसरी बाईंची. तिथे मेण वितळवायची पेटी, मेणात बसवलेल्या ऊतींचे पातळ काप काढायचं यंत्र, रंगांच्या बाटल्यांची फळी आणि एक पांढरं बेसिन होतं. पक्ष्यांच्या मांसाच्या दुकानातून आठवड्याला एकदा झाकणाची बादली यायची. बादलीत बदकांची आठ डोकी. बाई बारीक चिमट्याने डोळ्याच्या खोबणीतून एक ग्रंथी अलगद सोडवून घ्यायच्या. फिकट गुलाबी, भिजलेल्या शेंगदाण्याहून थोडी मोठी, नेत्रगोलाच्या मागे आतल्या बाजूला दबून बसलेली. तिचा चिकट स्राव पक्ष्यांना असते त्या तिसऱ्या पापणीखाली पसरतो आणि डोळा ओला ठेवतो. बदक रडत नाही, पण रडायची सोय त्याच्याकडे माणसापेक्षा मोठी आहे.

या शेंगदाण्यावर सरांचं नाव उभं होतं.

बावीस वर्षांपूर्वी सरांनी शोध लावला होता की पाळीव बदकाच्या या ग्रंथीतल्या स्रावात गंधकयुक्त घटक असतो. हे ओळखायची रीत सोपी आहे. कापावर एक निळा रंग कडक आम्लात मिसळून घालायचा. आम्ल इतकं कडक की गंधकवाल्या पदार्थाशिवाय दुसरं काही त्या निळ्याला धरूच शकत नाही. कोंबडीच्या ग्रंथीने धरला नव्हता. बदकाच्या ग्रंथीने धरला. मग सरांनी पुढचा विचार केला: बदक पाण्यातला पक्षी, गढूळ पाण्यात डोकं घालतो, म्हणून निसर्गाने त्याच्या डोळ्याला हे जास्तीचं कवच दिलं. ज्या बदकांवर हा सिद्धांत उभा होता, त्यांनी जन्मात पिण्याच्या भांड्याबाहेरचं पाणी पाहिलं नव्हतं. पण सिद्धांत एकदा पोहायला लागला की त्याला पाणी लागत नाही.

सर मनाने मोठे. पेपर छापून आला तेव्हा त्यांनी स्लाइड बनवणाऱ्या बाईंचंही नाव त्यात घातलं, तिसऱ्या क्रमांकावर. बाई तेव्हा चोवीस वर्षांच्या होत्या. नवरा छापखान्यात मुद्रितं तपासायचा. त्याने ते पान चौकटीत बसवून दारासमोरच्या भिंतीवर लावलं. "मी जन्मभर दुसऱ्यांची नावं दुरुस्त करणार," तो म्हणाला, "आपल्या घरात छापलेलं नाव तुझंच."

पुढे दोन ठिकाणांहून पत्रं आली की आम्ही करून पाहिलं, निळा येत नाही. सरांनी सभ्य भाषेत उत्तर दिलं की या कामाला सरावाचा हात लागतो. विभागात मात्र ते सरळ म्हणायचे, "अहो, शेवटी हातगुण असतो. वैद्याला असतो, माळ्याला असतो, तसा रंगवणाऱ्यालाही असतो. निळा आमच्या बाईंच्याच हाताला येतो." पाहुणे आले की ते बाईंच्या वह्या काढून दाखवायचे. एकोणीस वह्या. प्रत्येक स्लाइड निळ्यातून कधी काढली, ते तास आणि मिनिटासकट टिपलेलं. "शास्त्र म्हणजे हे," सर म्हणायचे, आणि पाहुणे मान डोलवायचे.

सगळा घोळ त्या वह्यांतच होता.

बाईंच्या आधी या खोलीत एक म्हातारे तंत्रज्ञ होते. त्यांना सगळे आजोबा म्हणत. त्यांना वाक्य अर्धं बोलायची सवय होती. उरलेलं अर्धं समोरच्याने आपलं आपण समजून घ्यायचं. त्यांच्या शेवटच्या दिवशी बाईंचा पहिला दिवस होता. आजोबांनी फळीवरच्या बाटल्यांवरून बोट फिरवत एकेका रंगाची रीत सांगितली. हा पाच मिनिटं, मग नळाखाली. हा दहा मिनिटं, मग नळाखाली. निळ्यापाशी आले आणि म्हणाले, "हा अर्धा तास. काढलास की लगेच टिपून घे. विसरू नकोस हं. टिपलं नाहीस तर सगळं वाया." आणि ओट्यावर गोल पांढऱ्या कागदांचा एक डबा सरकवून ते चपला घालायला गेले.

बाई नव्या होत्या, हौशी होत्या. त्यांनी पहिली स्लाइड निळ्यातून काढली, डब्यातला गोल कागद घेतला, पेन उघडलं आणि टिपून घेतलं: दहा वाजून चाळीस मिनिटे. शाई फुटून अक्षराचा कोळी झाला. ऑफिसचा कागद, तो असाच असणार, असं त्यांना वाटलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी घरून रेघांची वही आणली. वेळ टिपून झाली की स्लाइड नळाखाली धरायच्या, कारण बाकी सगळे रंग नळाखाली जात होते, आणि नळाखाली धरल्याशिवाय कुठलीही वस्तू स्वच्छ होते यावर बाईंच्या माहेरी कोणाचाही विश्वास नव्हता.

कोंबडीच्या स्लाइड आजोबांनी करून ठेवलेल्या होत्या. बदकाच्या बाईंनी केल्या. म्हणजे जो फरक सरांनी जगाला दाखवला, तो कोंबडी आणि बदक यांच्यातला नव्हताच. तो आजोबा आणि बाई यांच्यातला होता.

छापील कृती सरांच्या कपाटातल्या जाडजूड पुस्तकात होती. बाईंनी ती कधी उघडली नाही. चालत्या गाडीची पुस्तिका कोण वाचतं? आणि सर बाईंच्या खोलीत दारापर्यंत यायचे. बेसिनला त्यांनी बावीस वर्षांत हात लावला नव्हता. हात धुवायलासुद्धा ते बाहेर जायचे.

बाईंना हे सगळं कळलं त्याला आता तीन वर्षं होऊन गेली होती, आणि कळलं ते चौथीमुळे.

चौथी म्हणजे सरांची या विषयावरची चौथी विद्यार्थिनी. नाव तिलाही होतं, पण विभागाने तिला आकडा लावला तो चिकटला. पहिल्याला बाईंनी स्लाइड रंगवून दिल्या, तो पदवी घेऊन गेला. दुसऱ्याला निळा येईना, तो कोंबडीकडे वळला. तिसऱ्याने शास्त्राला हात जोडून पशुखाद्याची एजन्सी घेतली, आणि तिघांत तोच सर्वांत सुखी होता. चौथी एकतीस वर्षांची, बारीक चणीची, बाईंना मावशी म्हणणारी. तिचं एकच खूळ होतं: स्लाइड मी माझ्या रंगवणार.

पहिल्याच आठवड्यात बाईंनी पाहिलं की चौथीने निळ्यातून स्लाइड काढली, त्या डब्यातला गोल कागद उचलला आणि स्लाइडवर दाबला.

"अगं, हे काय करतेस?"

"टिपून घेतेय, मावशी."

"मग वही कुठाय?"

चौथीला प्रश्न कळला नाही. "वही कशाला? टिपकागदानं टिपतेय ना. याला पाणी नाही लावायचं. पाणी लागलं की आम्ल उतरतं, आणि मग ज्याला निळं व्हायचा काही हक्क नाही ते पण निळं होऊन बसतं. पुस्तकात ठळक अक्षरांत दिलंय."

"हो का," बाई म्हणाल्या. त्यांना एकदम खाली बसावंसं वाटलं, आणि स्टूल जवळ होतं म्हणून त्या बसल्या.

त्या दुपारी त्यांनी मेणाच्या एकाच ठोकळ्यातून दोन काप घेतले. दोन्ही अर्धा तास निळ्यात. एक धुतला, एक टिपला. धुतलेला निळा आला, बशीच्या नक्षीसारखा. टिपलेला कोरा. बाईंनी परत केलं. परत तेच. सहा जोड्या केल्या आणि सहाही जोड्यांनी एकच साक्ष दिली. बाईंनी त्या बारा स्लाइड एका पेटीत घातल्या, पेटीवर काहीही लिहिलं नाही, आणि ठरवलं की उद्या सकाळी सरांना सांगायचं.

उद्या सकाळी सर खुशीत होते. त्यांच्या पुस्तकाला प्रकाशक मिळाला होता. खुशीतल्या माणसाला काय सांगायचं? पुढच्या महिन्यात सरांना दाढदुखी झाली. दुखणाऱ्या माणसाला काय सांगायचं? मग परीक्षा आल्या, मग सुट्ट्या आल्या, मग पुस्तक आलं, बदकाच्या डोळ्याचं चित्र मुखपृष्ठावर घेऊन, आणि आत तिसऱ्या प्रकरणात बाईंचे आभार. एकदा मात्र त्यांनी मनाचा हिय्या केला. दारात उभं राहून म्हणाल्या, "सर, एक सांगायचं होतं. बरेच दिवस मनात आहे, धीर होत नव्हता."

"घ्या, बाई, घ्या!" सर म्हणाले. "एवढं अवघडायचं काय त्यात? चांगले चार दिवस घ्या."

बाईंनी चार दिवस रजा घेतली. ती नाकारायची कशी, हेही त्यांना सुचलं नाही.

दरम्यान चौथी रंगवत होती. दोनशे बारा स्लाइड झाल्या, एकीतही निळा नाही. सर वाईट बोलायचे नाहीत, आणि तेच वाईट होतं. "पोरगी हुशार आहे," ते तिच्यासमोरच म्हणायचे, "पण हात जड. त्याला ती तरी काय करणार?" चौथीने हातमोजे बदलले. आंघोळीचा साबण बदलला. हात थरथरू नये म्हणून चहा सोडला.

"मावशी, मला एकदा बघू द्या ना तुम्ही कसं करता ते," ती म्हणायची.

"नको गं. मागे कोणी उभं राहिलं की माझा हात चळतो."

ही सबब बाईंनी तीन वर्षं वापरली. ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं, तशातली गत. एकदा चौथी मायक्रोस्कोपवर डोळा ठेवून, मान न उचलता म्हणाली, "मावशी, कधी कधी वाटतं, निळा मुळात नसेलच तर?"

बाईंच्या हातातली किटली हवेतच राहिली. हीच वेळ होती. एक वाक्य, बस. बाई म्हणाल्या, "चहा घेतेस?"

"सोडलाय ना."

"हो, विसरले."

आणि मग चौथीच पुढे म्हणाली, "जाऊ दे. सरांना दिसतो, तुम्हाला येतो, म्हणजे आहेच. परवा बहिणीचं बाळ माझ्याकडे देत होते घरी. मी म्हटलं नको, दुसऱ्या कोणाकडे द्या. माझे हात चांगले नाहीत." ती हसली. बाईंना हसता आलं नाही. त्यांनी चहा ओतला तो कपाच्या बाहेर.

त्यानंतर पंधरा दिवसांनी सरांनी जाहीर केलं की चौथीचं पुढे काय करायचं ते ठरवायला समिती बसेल. बाहेरच्या कॉलेजातून एक परीक्षक बाई येतील. त्यांच्यासमोर एकाच ठोकळ्यातले काप, एकाच बाटलीतल्या रंगात, बाई आणि चौथी शेजारी शेजारी उभ्या राहून रंगवतील. "म्हणजे कोणाला वाटायला नको," सर म्हणाले, "की आम्ही पोरीवर अन्याय केला." निळा आला नाही तर तिची नोंदणी रद्द. तीन वर्षं पाण्यात.

आदल्या दिवशी संध्याकाळी बाई घरी आल्या तेव्हा नवरा खिडकीशी भिंग घेऊन कुणाच्या तरी आत्मचरित्राचं मुद्रित तपासत बसला होता. छापखाना सुटला तरी भिंग सुटलं नव्हतं.

"उद्या समिती आहे," बाई म्हणाल्या.

"धुणार आहेस की टिपणार आहेस?"

"टिपणार."

"आणि बोलणार?"

"बोलायची वेळच येणार नाही. निळा येणार नाही, सर बघतील, काय ते समजतील. एवढे विद्वान आहेत."

नवऱ्याने भिंग खाली ठेवलं. "अगं, छत्तीस वर्षं मुद्रितं तपासली. चुकीपाशी कोरी जागा सोडली आणि लेखकाला आपली चूक उमगली, असं एकदाही झालं नाही. तो तिथे आणखी एक विशेषण घालतो."

"तुमचं आपलं काहीतरीच."

"काहीतरीच काय? शुद्धिपत्र कसं असतं? अमुक पान, अमुक ओळ, याऐवजी हे वाचावे. नुसतं लाजून दाखवलं म्हणजे शुद्धिपत्र होत नाही. आणि एक सांगू? चूक छापून वर्षभर राहिली ना, की लोक तिला चूक म्हणत नाहीत, मजकूर म्हणतात. तुझी तर बावीस वर्षं झाली. तिच्यावर पुस्तक निघालं."

बाईंनी भिंतीवरच्या चौकटीकडे पाहिलं. नवऱ्यानेही पाहिलं.

"काढावी लागेल," तो म्हणाला.

"मागे डाग दिसेल चौकोनी."

"दिसू दे. रंग लावू. पण तू आधी तोंड उघड."

"उघडायला लागणारच नाही, बघा तुम्ही," बाई म्हणाल्या, आणि कणीक मळायला गेल्या. कणीक त्या दिवशी गरजेपेक्षा जास्त वेळ मळली गेली.

सकाळी दहा वाजता बाईंच्या खोलीत इतकी माणसं झाली की स्टुलं कमी पडली. परीक्षक बाई ठेंगण्या, करड्या केसांच्या, दुपारच्या गाडीने परत जायच्या बेतात होत्या आणि घड्याळ टेबलावर काढून ठेवून बसल्या होत्या. समितीच्या तिसऱ्या सभासदाने येऊ शकत नसल्याचं कळवलं होतं. सर परीक्षक बाईंना बदक, तलाव आणि निसर्गाची योजना समजावून सांगत होते. चौथी हातमोजे घालून, काढून, परत घालत होती.

रंगाची बाटली चौथीनेच दोन दिवसांपूर्वी ताजी बनवली होती. बाईंनी ती उजेडात धरून पाहिली. स्वच्छ, गाळ नाही, आम्लाचं माप बरोबर. इतका नीट बनवलेला निळा बाईंनी स्वतःही फारसा पाहिला नव्हता.

दोघींनी स्लाइड बुडवल्या. अर्धा तास सर्वांनी चहा घेतला, चौथीने नाही. मग चौथीने आपली स्लाइड काढली, गोल कागद घेतला आणि टिपली. बाईंनी आपली काढली. नळ डाव्या हाताला होता, वीतभर अंतरावर. हाताला बावीस वर्षांची वाट माहीत होती, तो निघालाही होता. बाईंनी त्याला मधूनच वळवलं, डब्यातला कागद उचलला आणि स्लाइडवर दाबला. चौथीने मान वळवून पाहिलं. तिने तसं करताना बाईंना कधी पाहिलं नव्हतं, पण मग तिने बाईंना काहीच करताना पाहिलं नव्हतं. सर पाठमोरे होते. बोलता बोलता ते तलावावर आले होते.

दोन्ही स्लाइड शेजारच्या खोलीतून आणून ठेवलेल्या मायक्रोस्कोपखाली गेल्या. आधी परीक्षक बाईंनी पाहिलं, मग सरांनी. सरांनी चौथीची स्लाइड झटकन पाहिली आणि बाईंच्या स्लाइडवर डोळा ठेवला. स्क्रू फिरवला. परत फिरवला. स्लाइड काढून उलटसुलट करून पाहिली, लावली, आणि पुन्हा वाकले.

कोरी. चौदा काय, एकही पेशी निळी नव्हती.

बाई बेसिनला टेकून उभ्या होत्या. झालं, त्यांना वाटलं. एक शब्द न बोलता झालं. तीन वर्षं जे जिभेवरून उतरलं नाही, ते एका कोऱ्या स्लाइडने सांगितलं. आता सर मान वर करतील, आपल्याकडे बघतील, आणि त्यांना सगळं समजलेलं असेल. बाईंना त्यांची दया आली, आणि स्वतःबद्दल थोडा अभिमानही वाटला.

सरांनी मान वर केली. त्यांच्या चेहऱ्यावर खरोखरच काहीतरी समजल्याचा उजेड होता.

"रंग कोणी बनवला होता?" त्यांनी विचारलं.

"मी, सर," चौथी म्हणाली.

"बघा!" सर परीक्षक बाईंकडे वळले. "हातच्या काकणाला आरसा कशाला? बावीस वर्षांत जो निळा एकदाही चुकला नाही, तो आज आमच्या बाईंच्या हातूनही आला नाही. का? तर रंगच सदोष. म्हणजे प्रश्न नुसता रंगवण्याचा नव्हता. हिच्या हाताखालून जे जे जातं, ते बिघडतं. मी इतके दिवस फक्त हात जड म्हणत होतो. मी सौम्य बोलत होतो."

परीक्षक बाईंनी घड्याळाकडे पाहिलं. "पण दुसऱ्या बाटलीतून एकदा..." त्या म्हणू लागल्या.

"करू की! पुढे करूच," सर म्हणाले. "पण आजचा निष्कर्ष आज लिहायला हवा."

त्यांनी कागद ओढला आणि मोठ्याने म्हणत लिहिलं: "विद्यार्थिनीने चूक केल्यामुळे अनुभवी तंत्रज्ञाची स्लाइडही वाया गेली. सबब विद्यार्थिनीची नोंदणी रद्द करण्यात यावी." खाली तीन रेघा मारल्या. एक स्वतःसाठी, एक परीक्षकांसाठी, एक तंत्रज्ञासाठी.

बाई चौथीकडे पाहत होत्या. ती भांडेल, त्यांना वाटलं. निदान रडेल. माप लिहिलेला कागद तिच्या खिशात होता, तो काढून ती सरांच्या तोंडावर मारेल. चौथीने हातमोजे काढले, एकात एक घातले आणि म्हणाली, "असेल, सर. माझाच हात."

सरांनी सही केली. परीक्षक बाईंनी पेनाचं टोपण काढलं, आणि जरा थांबून सही केली. मग सरांनी कागद बाईंपुढे सरकवला आणि आवाज खाली आणला, मायेने.

"करा, बाई. आणि मनाला लावून घेऊ नका. तुमच्या हातगुणाला काही झालेलं नाही."

बाईंनी पेन घेतलं. वाक्य एकदा वाचलं. मग ओळीखाली बोट धरून, नवरा मुद्रित वाचतो तसं, एकेक शब्द सुटा करून परत वाचलं. पहिल्या वाक्यात चूक एकाच शब्दाची होती. त्यातलं बाकी सगळं बरोबर होतं.

"बाई?" सर म्हणाले.

"करते, सर, सही करते," बाई म्हणाल्या. आवाज त्यांच्या अपेक्षेपेक्षा मोठा निघाला, आणि मग त्यांनी तो तसाच राहू दिला. "पण यातलं 'विद्यार्थिनीने' खोडा आणि तिथे माझं नाव घाला. दुसरं वाक्य काढूनच टाका. रंग चांगला आहे. पोरीचा हातही चांगला आहे. आज मी स्लाइड टिपली म्हणून निळा आला नाही. बावीस वर्षं मी ती पाण्याने धुतली, म्हणून येत होता. बदकात निळा नाही, सर, कधी नव्हता. आपल्याला पेपर मागे घ्यायचाय. पत्र मी लिहिते."